आठ रुपयांचं सप्तक

बेळगावातल्या आमच्या वडगावात करंट गेला की अंधाराच्या आधी कानाला कळतं. दिवसभर खट-खटाक चालणारे माग एकदम गप्प होतात आणि शेजारचा कुकर, चिंचेवरचा कोकीळ, पलीकडच्या गल्लीत कुणीतरी ठेवलेली बादली असं सगळं ऐकू यायला लागतं. गेल्या एप्रिलात शाळेला सुट्टी लागून चार दिवस झाले होते. दुपारी करंट गेला, पंखा थांबला, आणि जेवता जेवता धाकटीनं पाण्याच्या पेल्यावर चमचा मारला. एक घोट पाणी प्याली, परत मारला.

"आई, आवाज बदलला की!"

"बदलणारच," म्हणून मी ताटं उचलायला लागले. त्या एका ‘बदलणारच’ची किंमत पुढं सव्वा महिना मोजली. कपाटातल्या सगळ्या चिनी वाट्या, सासूबाईंचा एक्सरे, मामांच्या मागाच्या शेडमधला पाइप आणि रोख आठ रुपये.

पोरं चार. माझी दोन, थोरला दहाचा आणि धाकटी सहाची. सुट्टीला खानापुराहून आलेली बारा वर्षांची भाची. ती तीन वर्षं पेटी शिकते, त्यामुळं घरात सुराबद्दल बोलायचा हक्क तिचा एकटीचा. आणि चौथा शेजारचा पुट्टा. कन्नडमध्ये लहानग्याला लाडानं पुट्टा म्हणतात, त्याचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नाही. तो कन्नड शाळेत जातो, घरी कन्नड बोलतो, आमच्याकडं मराठी बोलतो आणि भांडताना दोन्ही.

पहिल्या दिवशी चिनी वाट्या मांडल्या. माझा समज असा की वाट्या एकसारख्या घ्यायच्या आणि पाणी कमी-जास्त करायचं, झालं जलतरंग. तसं होत नाही. एका वाटीत पाणी ओतत गेलं तर आवाज उतरतो खरा, पण तीन-चार सुरांच्या पलीकडं तो खाली जाता जात नाही, नुसता बद्द होतो. मग लहान वाट्या वरच्या सुरांना आणि मोठी, आमटीची, षड्जाला म्हणजे ‘सा’ला अशी वाटणी भाचीनं केली. आधी कोरड्या वाट्यांवर लाकडी चमचा मारून रांग लावायची, मग पाण्यानं बारीक काम. शेवटी शेवटी ती चहाच्या चमच्यानंच पाणी घालत होती आणि थोरला वैतागून, "अजून किती गं, बस की!"

एक गोष्ट पोरांच्या आधी मला कळली. काठावर चमचा मारला की खणखणीत, पोटावर मारला की ठसका. आणि खाली सतरंजी नको, फरशी नको, जुन्या टॉवेलची घडी हवी. सासूबाईंची पाय घासायची काशाची वाटी तेवढी त्या रांगेत बसेना. तिचा नाद एकदा सुरू झाला की बाकीच्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबत नसे. तिला वेगळं ठेवून गाणं संपल्याची खूण म्हणून वाजवायचं ठरलं.

रात्री वाट्या तशाच ठेवल्या, कारण जुळवायला तीन तास गेले होते. सकाळी धाकटीनं वाजवून बघितलं तर मधली, मध्यमाची वाटी भलतीच चढून बोलायला लागलेली. भाची डोळे चोळत आली, दोनदा वाजवली, वाटीच्या काठाशी वाकून बघितलं आणि म्हणाली, "मांजर पाणी पिऊन गेलंय. मध्यम तीव्र करून गेलंय." मी आजवर ऐकलेली शास्त्रीय संगीतावरची सगळ्यात अचूक टीका हीच.

त्याच दिवशी भांडण पेटलं. पुट्टानं सरबताच्या रिकाम्या बाटलीत पाणी घालून तोंडावर फुंकर मारली. पाणी वाढवत गेला तसा आवाज चढत गेला. धाकटी म्हणते, पाणी वाढलं की उतरतो. पुट्टा म्हणतो, "इल्ल इल्ल, चढतो!" दोघंही आपापलं वाजवून दाखवतायत आणि दोघंही खरे. मला उत्तर माहीत होतं, पण मी गवारीच्या शेंगा मोडत गप्प बसले. आपल्याकडं मुलाच्या तोंडात प्रश्न तयार होईस्तोवर कुणी थांबत नाही, उत्तर आधीच भरवतो. संध्याकाळी थोरल्यानं बाटलीवर फुंकर न मारता चमचा मारला आणि ओरडला, "हिचा पण उतरला!" म्हणजे भांडण वाटी आणि बाटलीचं नव्हतंच. चमचा मारला की थरथरतं ते भांडं. पाण्याचं वजन त्याला अडवतं आणि थरथर मंदावते. फुंकर मारली की थरथरते ती वरची मोकळी हवा. पाणी चढलं की हवेची जागा आखूड होते आणि आखूड हवा चढी वाजते. हे चौघांनी मिळून काढलं. मी फक्त ‘आत काय उरलं?’ एवढं विचारलं.

आखूड हवा चढी वाजते, या एका वाक्यावर पुढचे तीन आठवडे गेले.

मामांच्या शेडमध्ये, मागामागं वायरिंगच्या पाइपचा पाच फुटी तुकडा पडून होता. मामांनी तो दिला, पण "परत मागितला तर?" असं विचारून घेतलं. एका टोकाला बंद नळ्या ओळीनं बांधून वरून फुंकर मारायची, असं वाद्य करायचं ठरलं. पावाही करता आला असता, पण भोकं पाडायला आमच्याकडं ड्रिल नव्हतं. इथं कापायचं तेवढं होतं.

लांबी किती? इथं मात्र मी वहीत हिशेब मांडला. षड्जाची नळी २४ सेंटिमीटर धरली, कारण चोवीसचे भाग सोपे पडतात. वरचा षड्ज निम्मा, म्हणजे १२. पंचम दोन तृतीयांश, १६. मध्यम पाऊण, १८. गांधार पाचातले चार भाग, १९.२. धैवत पाचातले तीन, १४.४. ऋषभ नवातले आठ, म्हणजे २१.३ आणि थोडंसं. निषादाचं जरा किचकट, पंधरातले आठ, १२.८. थोरल्याला वर्षभर अपूर्णांक नको झालेले. त्या दिवशी त्यानं ‘नवातले आठ’ तीनदा तपासले, कारण कापलेला पाइप परत जोडता येत नाही.

हॅक्सॉ ब्लेड एकच, तेही बिनदांड्याचं. चिंध्या गुंडाळून मी आणि थोरल्यानं आळीपाळीनं कापलं. टोकं पॉलिश पेपरवर घासली. खालचं तोंड बंद करायला कणकेचा गोळा. चांगला सेंटिमीटरभर आत दाबून बसवला, म्हणजे हवा निसटायला नको. करंट जायची वाट बघत बसलो. गेला, माग थांबले, भाचीनं एकेक नळी फुंकली आणि तोंड वाकडं केलं.

"षड्ज बरा आहे. वर जाईल तसं सगळंच चढत चाललंय."

वही तपासली, हिशेब बरोबर. पट्टी लावली, लांबी बरोबर. मग चूक कुठं? ती सापडायला दोन दिवस गेले आणि सापडली धाकटीला. नळीत काडी घालून ती कणकेतल्या मुंग्या काढत होती, काडी बाहेर काढून म्हणाली, "आत एवढीच जागा आहे." चोवीसची नळी आतून तेवीसच होती आणि बाराची अकरा. सगळ्यांतून एकेक सेंटिमीटर कमी झाला तर फरक काय, असं मला वाटलं होतं. फरक हाच की तेवीसचं निम्मं साडेअकरा, अकरा नव्हे. लांबडीला सेंटिमीटर म्हणजे चिमूट, आखूडीला तो घास. गणिताच्या पुस्तकात गुणोत्तर हा धडा असतो. माझ्याकडून तो आता कुणी विसरवून दाखवावा.

कणीक काढून टाकली. आता असं झाकण हवं होतं जे आत घुसणार नाही. बाटल्यांची बुचं मोठी, बटणं लहान. पुट्टानं खिशातून रुपया काढून पाइपाच्या तोंडावर ठेवला. बरोब्बर. मग घरभर रुपये शोधले. देवापुढचे तीन सासूबाईंनी हिशेब सांगून दिले. एमसील मीच मळली, पोरांना हात लावू दिला नाही, आणि आठ नळ्यांच्या बुडाला आठ नाणी चिकटवली. रात्रभर वाळू दिली.

आता उलटीच तक्रार. वरचे सूर किंचित उतरलेले! पट्टीनं आता आतली-बाहेरची दोन्ही लांबी बरोबर, तरी वरचा षड्ज खालच्याला मिळेना. याचं कारण असं की हवा नळीच्या काठाशी थबकत नाही, थोडी बाहेर डोकावूनच थरथरते. प्रत्येक नळी कानाला आपल्या मापाहून थोडी लांब असते, आणि ती थोडी लांबी सगळ्यांना सारखीच चिकटते. कणकेनं सगळ्यांतून सारखं काढून घेतलं होतं, इथं हवेनं सगळ्यांत सारखं घातलं. दोन्ही वेळा बिघडलं आखूड नळ्यांचंच.

उपाय सोपा, पण चिकाटीचा. पॉलिश पेपरवर चार घासे, एक फुंकर. परत चार घासे. सूर चढवता येतो, उतरवता येत नाही, म्हणून हावरेपणा चालत नाही. वरचा षड्ज जवळजवळ तीन मिलिमीटर घासावा लागला. थोरल्यानं निषाद घासता घासता बोलण्याच्या नादात पार घालवला. पाच फुटांतून उरलेला साडेपाच इंची तुकडा होता म्हणून वाचलो. नाहीतर पाइप ‘परत मागितला तर’ राहिलंच, अजून मागावा लागला असता. नवव्या रुपयासाठी जुन्याच निषादाचं नाणं खरवडून काढलं.

आणि हे सगळं करंट गेल्यावरच. माग चालू असताना सुराचा बारीक फरक ऐकू येणं शक्य नाही. पोरं दिवा गेला की आनंदानं ओरडायची, गल्लीतल्या बायका बघत राहायच्या. अमावास्येला आमच्या गल्लीत माग बंद असतात. त्या दिवशी सकाळी सातला भाची नळ्या घेऊन उंबऱ्यावर बसली ती जेवायलाच उठली. सुळेभावी इथून काही लांब नाही. कुमार गंधर्वांचा जन्म तिथला, १९२४ सालचा. तंबोरे जुळवण्यात ते किती रमत हे तिला तिच्या पेटीच्या बाईंनी सांगितलेलं, आणि ते ती दर अर्ध्या तासानं आम्हाला ऐकवत होती, म्हणजे आम्ही घाई करू नये. शेवटी मामांच्या भजनी मंडळातल्या पेटीवर षड्ज लावून बघितला. पांढरी चारच्या, म्हणजे पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीच्या, जवळपास निघाला.

चौंडकं मात्र सासूबाईंचं. पोरांचं फुंकणं-घासणं त्या आठवडाभर बघत होत्या. एक दिवस दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा उचलून म्हणाल्या, "ह्याचं चौंडकं होतंय की." सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगती दारात यायचे, काखेत चौंडकं, ‘उदं गं आई उदं’. त्यांनी लहानपणापासून बघितलेलं. लाकडाचा पोकळ नळा, खालच्या तोंडाला कातडं, कातड्याच्या मधोमध तार, ती नळ्यातून वर येते आणि डाव्या मुठीत धरलेल्या लाकडी गुटक्याला बांधलेली असते. उजव्या हातानं तार छेडायची आणि मूठ ओढायची-सोडायची. तार ताणली की आवाज वर पळतो, सोडली की घसरतो. त्या ‘ड्युंव’मध्येच सगळी गंमत.

डब्याचं बूड कापून काढलं (हे मोठ्यांनीच करावं, पत्र्याची कड अंगठा बघत नाही, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे). कातडं कुठून आणायचं? फुगा ताणून लावला, तार ओढताच फाटला. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला, तो फाटेना पण बोलेनाही. मग थोरल्यानं कपाटावरून पिशवी काढली. सासूबाईंच्या गुडघ्याचा जुना एक्सरे.

"माझा गुडघा वाजवताय होय रे?"

"वाजतोयच की आजी, जिना चढताना."

एक्सरेची फिल्म छान बोलते. अडचण एकच, ती ताणली जात नाही. डब्याच्या तोंडापेक्षा चार बोटं मोठी गोल कापायची, कडेला कातऱ्या मारून खाली दुमडायची आणि फेविकॉल लावून सुतानं आवळायची. सूत आमच्याकडं उणं नाही, मामांनी कांडीच काढून दिली. तारेऐवजी मासे धरायची तंगूस. पहिल्या ओढीत तंगूस फिल्म चिरत वर आली, म्हणून बाहेरच्या बाजूनं शर्टाचं बटण घातलं आणि गाठ बटणाला मारली. ओढ बटणभर पसरली, फिल्म तगली. छेडायला आइसक्रीमची काडी. पुट्टानं काखेत धरून पहिला ‘ड्युंव’ काढला तेव्हा त्याची आई भिंतीपलीकडनं ओरडली, "एनू सप्पळ?" कसला आवाज, म्हणून. दुसऱ्या मिनिटाला ती स्वतःच वाजवत होती.

बाकीची वाद्यं सांगण्यासारखी नाहीत, पण झाली. बाटल्यांत धान्य भरून खुळखुळे केले. तांदूळ, जोंधळा, चिंचोके, प्रत्येकाचा आवाज वेगळा. मामांपुढं तांदळाची बाटली हलवली तर ते म्हणाले, "रिकामीच आहे की." चाळीस वर्षं मागावर काढलेल्या कानाला ते बारीक सळसळणं पोचतच नव्हतं. चिंचोक्यांची बाटली त्यांनी मागून घेतली आणि स्वतःकडंच ठेवली. सोडाबाटलीच्या बुचांची खंजिरी केली, ती दुसऱ्या दिवशी सुटली. पपईच्या देठाची पिपाणी सासूबाईंनी एका मिनिटात करून दिली, आमच्या तीन आठवड्यांच्या मेहनतीकडं न बघता.

एक फसलेलं सांगते. मिरजेला सतार-तंबोऱ्यांच्या गल्लीत आम्ही एकदा गेलो होतो, माडीवर भोपळेच भोपळे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते बघून थोरल्यानं परसातला दुधी माळ्यावर टांगला. वाद्याचा भोपळा जाड सालीचा कडू असतो, तो वेलावर पिकून महिनेन् महिने वाळतो. आमचा कोवळा दुधी. मेच्या वळवानंतर माळ्यावरून वास यायला लागला, एवढंच.

मेच्या शेवटच्या आठवड्यात भाची खानापूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी सोप्यावर मैफल झाली. वाट्यांवर धाकटी, नळ्यांवर भाची, चौंडक्यावर पुट्टा, थोरल्याकडं उलटी बादली आणि दोन लाटणी. विठ्ठलाचा गजर, चारच सुरांचा, तेवढाच सगळ्यांना जमत होता. करंट गेलेलाच होता. दुसऱ्या आवर्तनाला करंट आला आणि गल्लीतले माग एकामागून एक सुरू झाले. नळ्या बुडाल्या, वाट्या बुडाल्या. आता रडारड, असं मला वाटलं. थोरल्यानं मान वर करून शेडकडं बघितलं, बादलीवरचा हात थांबवला, दोन खटके जाऊ दिले आणि तिसऱ्यावर धरलं. मामा आत मागावर होते. त्यांना बाहेरचं काही ऐकू गेलं असेल असं वाटत नाही, पण शेवटी काशाची वाटी वाजली तेव्हा ते दारात येऊन उभे होते, हातात चिंचोक्यांची बाटली.

नळ्या आता खुंटीला टांगलेल्या असतात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एक दिवस बघते तर निषादाच्या बुडाचा रुपया गायब. पुट्टाच्या जिभेवर केशरी पेपरमिंटचा रंग. ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात तो म्हणाला, "काकू, नोड्री," बघा म्हणून, आणि बिननाण्याची नळी ओठाला लावली. खालचं तोंड तळव्यानं झाकून फुंकलं, आपला निषाद आला. तळवा काढला आणि फुंकलं, तर तोच निषाद जवळजवळ एक सप्तक वर. झाकलं, उघडलं, झाकलं, उघडलं. मग त्यानं बाकीच्या सात नळ्यांच्या बुडांकडं बघितलं.

मी खुंटी एक हात वर ठोकून घेतलीय.